चार जलदुर्ग, चार चित्रशिक्के : कामाच्या नोंदी

काम असे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या चार किल्ल्यांसाठी प्रत्येकी एक चित्रशिक्का. व्यास ३५ मिमी, काळी शाई, फक्त रेघकाम. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातले समुद्रावरचे हे चार, म्हणून हेच निवडले.

रेखाटनांचा उपयोग दोन ठिकाणी. एक, पाकिटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मारायचा खासगी शिक्का. दोन, टपाल खात्याकडे विशेष शिक्क्याचा प्रस्ताव द्यायचा तेव्हा सोबत जोडायचे आर्टवर्क. नवख्यांसाठी फरक एकदाच सांगून ठेवतो. कायमचा चित्रशिक्का, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतला पीपीसी, ठरलेल्या पोस्टात मागितला की मारून मिळतो. विशेष शिक्का विशेष पाकिटाबरोबर त्या दिवसापुरता निघतो आणि त्याला सर्कलच्या (टपाल खात्याच्या राज्य पातळीवरच्या विभागाच्या) मुख्य पोस्टमास्तर जनरलांची मंजुरी लागते. खासगी शिक्क्याला टपालाच्या दृष्टीने काहीच किंमत नाही. तो तिकिटाला लागता कामा नये, आणि त्यात तारीख, पिनकोड, ‘डाक’ असले शब्दही नकोत. पोस्टाच्या शिक्क्यासारखा दिसणारा खासगी शिक्का म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेला वाद.

१४ सप्टेंबर २०२५

रेखाटनाला हात लावण्याआधी संग्रहातले २० जुने चित्रशिक्के भिंगाखाली पाहिले. किल्ले, मंदिरे, पूल, सगळेच. कुठले चित्र शाईत टिकले आणि कुठले बुजले, एवढेच बघायचे होते.

बुजतात ते: माडाच्या झावळ्या, लाटा, तटाच्या दगडांचे सांधे, आणि चित्राच्या मागे भरलेल्या आडव्या रेघांचे आभाळ. टिकतात ते: जाड बाह्यरेषा, मोकळी पांढरी जागा, एखादा ठसठशीत काळा भाग. २० पैकी सहा शिक्क्यांत खालची अक्षरे वाचल्याशिवाय किल्ला ओळखू आला नाही. सहाही शिक्क्यांत तट, दोन बुरूज, वर झेंडा, खाली लाटा. हे चित्र कुठल्याही जलदुर्गाला चालते, म्हणजे कुठल्याच जलदुर्गाचे नाही.

त्यावरून नियम केला: एका शिक्क्यात एकच गोष्ट, आणि ती त्या किल्ल्याखेरीज दुसरीकडे नसावी.

मापे ठरली. बाहेरचे वर्तुळ ३५ मिमी, आतले चित्राचे वर्तुळ २३ मिमी. मधल्या ६ मिमीच्या पट्ट्यात नाव. कडेच्या रेघा आणि मोकळी जागा वजा जाता अक्षराला, मात्रा-उकारासकट, ४ मिमी उरतात.

१९ सप्टेंबर

संदर्भासाठी फोटो जमवले. अख्खी संध्याकाळ इथे गेली, कारण नेटवरच्या फोटोंखालची नावे बिनधास्त चुकलेली असतात.

‘सिंधुदुर्ग’ म्हणून आलेल्या ६४ फोटोंपैकी ११ मुरुडच्या जंजिऱ्याचे निघाले. त्यातल्याच एकावरून कच्चे रेखाटन झालेही होते, ते फाडले. ओळखायची खूण सोपी आहे. जंजिऱ्याचे गोल बुरूज पाण्यातून सरळ वर आलेले, ओळीने उभे, आणि राजपुरीकडून होडीने जाताना दरवाजा समोर येतो. सिंधुदुर्ग बसका आणि लांबट, तट नागमोडी, तटावरून माड डोकावणारे, आणि दरवाजा तटाच्या वळणात लपलेला. जो किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही, त्याचे चित्र सिंधुदुर्गाच्या नावाखाली छापले असते तर लोकांनी उभे-आडवे घेतले असते, आणि रास्तच.

आणखी तीन सापळे:

सुवर्णदुर्गाच्या फोटोत दीपगृह दिसले की तो सुवर्णदुर्ग नव्हे, हर्णैच्या किनाऱ्यावरचा कनकदुर्ग. दोन्ही समोरासमोर, नावेही जुळी, त्यामुळे गल्लत ठरलेली.

खांदेरी आणि उंदेरी यांचे उलटे. दीपगृह आणि दोन उंचवटे असतील तर खांदेरी. उंदेरी बुटकी, तिच्यावर दीपगृह नाही.

सुवर्णदुर्गाचे जुने इंग्रजी स्पेलिंग घालून शोधले तर लंडनमधला एक तिकोनी मनोरा समोर येतो. इंग्रज आरमारी अधिकारी कमोडोर जेम्सने १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीसाठी हा मनोरा बांधला आणि त्याला ‘सेव्हर्नड्रूग’ हेच नाव दिले. माहिती म्हणून गंमतीची, संदर्भचित्र म्हणून निरुपयोगी.

२८ सप्टेंबर

कुठल्या किल्ल्याचे काय काढायचे ते ठरले. बहुतेक वेळ नाही म्हणण्यात गेला.

खांदेरी: दोन उंचवटे, पैकी एकावर दीपगृह. आक्षेप आला की किल्ला १६७९ चा, शिवरायांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याने इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून राखलेला, आणि दीपगृह १८६७ चे, मग हे इंग्रजी काम शिक्क्यात कशाला? आक्षेप खोटा नाही. पण दीपगृह काढून पाहिले तर उरतात दोन टेकाडे, आणि अशी टेकाडे कोकण किनाऱ्यावर वाटेल तितकी आहेत. दीपगृह ठेवले. त्याच्या पायथ्याशी तटाची एक जाड रेघ, दोन ठिकाणी बुरजासाठी फुगवलेली. होडी काढलेली होती, ती खोडली.

विजयदुर्ग: तिहेरी तटबंदी. एकावर एक तीन रेघा, खालची सर्वांत लांब. चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) फक्त वरच्या रेघेला, तिन्ही रेघांना दिल्या तर करवतीची पाती रचून ठेवल्यासारखे दिसते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आणि ते पाहण्यासाठी किल्ल्यावर बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ घ्यावेत असा आग्रह होता. करून पाहिले. २३ मिमीत ग्रहण म्हणजे काळा ठिपका आणि भोवती कडे, बघणाऱ्याला वाटते शाई सांडली. शिवाय दोन गोष्टी एकत्र आल्या. ग्रहणाला वेगळा शिक्का हवा, किल्ल्याच्या पाठीवर नको.

सुवर्णदुर्ग: हा सर्वांत अवघड. हर्णैहून पाहिले तर पाण्यावर एक सपाट काळी पट्टी दिसते, तिच्यात धरायला काही नाही. म्हणून बाहेरचे दृश्य सोडून दरवाजा घेतला. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि शेजारच्या तटावर मारुती. कमान आणि तिच्याखाली कासव, असे ठरले. मारुती नको. ८ मिमीत देवाचा चेहरा बिघडला तर शिक्का कोणी हातात धरणार नाही.

सिंधुदुर्ग: पहिल्या कच्च्या चित्रात समुद्राकडे तोंड केलेला भला मोठा कमानी दरवाजा होता. किल्ला म्हटले की हात आपसूक दरवाजा काढतो. पण या किल्ल्याची खुबीच ही की दरवाजा जवळ जाईपर्यंत कळत नाही. मग बाजूने बघणेच सोडले आणि वरून बघितल्यासारखा नकाशा घेतला: कुरटे बेटाची कड आणि तिच्याबरोबर वळत जाणारा तट. नागमोडी तट फक्त वरूनच कळतो. दरवाजाच्या जागी रेघेत एक वळसा आणि बारीक फट.

५ ऑक्टोबर

अक्षरे. चित्रांपेक्षा जास्त वेळ यांनीच खाल्ला.

देवनागरी गोल बसवताना पहिली शिकार शिरोरेघेची. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे वर्तुळावर टाकली की प्रत्येक अक्षर स्वतंत्र फिरते, शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि नाव दातेरी दिसते. वेलांटी आपले अक्षर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते. ‘सुवर्णदुर्ग’मध्ये दोन रफार आणि दोन उकार, ‘सिंधुदुर्ग’मध्ये वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि रफार. म्हणजे वर गर्दी, खाली गर्दी, आणि मध्ये जेमतेम २.२ मिमीचे अक्षर.

जे जमले ते क्रमाने:

नाव आधी सरळ ओळीत टाइप केले. फाँट मुक्त, सेमीबोल्ड. बोल्डमध्ये ‘ध’ आणि ‘र्ग’ची पोटे भरतात, रेग्युलरच्या रेघा ०.२ मिमीच्या खाली जातात.

मग अक्षरांचे पाथ (रेषांचे आकार) केले, सगळे एकत्र जोडले आणि ‘बेंड’ इफेक्टने अख्खी ओळ एकदम वाकवली. अक्षर तळाशी किंचित आवळते, पण जोडाक्षर फुटत नाही.

मग मूळ शिरोरेघ खोडून तिच्या जागी ०.३५ मिमीचा एकसंध कंस काढला. या एका बदलाने नाव दोन हात लांबून वाचता येऊ लागले.

खालच्या बाजूला ‘जलदुर्ग’ हा शब्द होता. खालच्या कमानीवर शिरोरेघ आत येते आणि उकार बाहेर जातात. ‘दु’चा उकार बाहेरच्या वर्तुळाला चिकटला. वर्तुळ मोठे करायला जागा नव्हती, म्हणून उकाराखाली बाहेरची रेघ २ मिमी तोडली. तुटलेली कड मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते, चारही शिक्क्यांत तीच ठेवली.

प्रस्तावाच्या प्रतीत ‘जलदुर्ग’ काढून त्या जागी १४ × ४ मिमीचा कोरा चौकोन सोडला. तारीख आणि ठिकाण खात्याने घालायचे असते, चित्रकाराने तिथे काही भरून ठेवू नये.

१२ ऑक्टोबर

पहिले चार शिक्के लेझरने कापलेल्या रबरात. प्रत्येकी १८० रुपये, एकूण ७२०. चारही वाया.

कारण आमच्याच फाइलमध्ये होते. सर्वांत बारीक रेघ ०.२ मिमी ठेवली होती. लेझर रबराला बाजूने जाळत खाली जातो, इतकी बारीक रेघ वर उभी राहते पण तिला बूड उरत नाही. पॅडवर दाबली की आडवी पडते. पाचव्या ठशाला विजयदुर्गाच्या चर्या वाकल्या, दहाव्याला तीन दात गळाले. खांदेरीच्या दीपगृहाचा कठडा पहिल्याच ठशाला पॅडवर राहिला.

१८ ऑक्टोबर

सर्व रेखाटने नव्या मापांनी तपासली. रेघ कमीत कमी ०.३ मिमी, दोन रेघांमधली फट कमीत कमी ०.४५, सुटा ठिपका ०.६. फट रेघेपेक्षा मोठी हवी, कारण शाई रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरते आणि फटच खाते.

दिवाळीमुळे दुकाने आठवडाभर बंद, पुढचे काम नोव्हेंबरात.

२ नोव्हेंबर

दुसरी खेप फोटोपॉलिमरमध्ये (निगेटिव्हमधून उजेड पडेल तिथे घट्ट होणारे द्रव्य, उरलेले धुऊन काढतात), प्रत्येकी २६०, एकूण १,०४०. निकाल असा: विजयदुर्ग उत्तम, बाकी तिन्ही नापास, प्रत्येक वेगळ्या कारणाने.

खांदेरी उलटा आला. दीपगृह भलत्या बाजूला आणि नाव आरशातले. फाइल पाठवताना आम्ही ती ‘मदत म्हणून’ आधीच उलटवली होती, शिक्केवाल्याने त्याच्या सवयीप्रमाणे पुन्हा उलटवली. चूक आमची, २६० रुपये आमचे. आता फाइल नेहमी सुलट द्यायची आणि कोपऱ्यात ‘सुलट आहे, उलटवणे बाकी’ असे लिहायचे.

सुवर्णदुर्गाचे कासव खेकडा झाले. ५ मिमीच्या कासवाला पाठीवरची नक्षी, चार पाय, शेपटी, सगळे दिले होते. नक्षी बुजून पाठ काळी झाली आणि पाय बाजूला फेंगडे उरले.

सिंधुदुर्गाचे बुरूज एकमेकांना चिकटले. हौसेने ४२ बुरूज मोजून घातले होते. नकाशाचा परीघ या मापात साधारण ६० मिमी, म्हणजे एका बुरजाच्या वाट्याला १.४ मिमी. आर्टवर्कमध्ये फटी ०.४५ ठेवल्या होत्या, पण उजेड जास्त वेळ दिला गेला. जास्त उजेडात निगेटिव्हच्या कडेखालून प्रकाश आत शिरतो, पॉलिमर फटीच्या तळाशीही घट्ट होते, आणि धुतानाही तिथले निघत नाही. उजेड कमी दिला तर उलट, बारीक रेघा ब्रशबरोबर धुऊन जातात. शिक्केवाल्याचा हात रोजच्या ‘प्रोप्रायटर’ शिक्क्यांना बसलेला असतो, त्यात फट कुणी बघत नाही. त्याला रेखाटन दाखवून सगळ्यात बारीक फट कुठली ते बोटाने दाखवावे लागते.

४ नोव्हेंबर

कासव पुन्हा, ७ मिमीचे, वरून बघितलेले: पाठ एक काळा लंबगोल, डोके, चार पाय, बस्स. पाय पाठीपासून ०.५ मिमी सुटे. नक्षीऐवजी पाठीवर एकच पांढरा कंस. सुटे पाय कागदावर विचित्र दिसतात, ठशात मात्र शाई पसरून फट निम्मी होते आणि कासव कासव दिसते. आर्टवर्क पडद्यावर सुंदर दिसण्यासाठी नसते, हे डोक्यात बसायला दोन खेपा लागल्या.

सिंधुदुर्गाचे बुरूज १६ वर आणले. वळणे सगळी ठेवली.

८ नोव्हेंबर

खात्याच्या शिक्क्याचा स्वच्छ ठसा तुलनेसाठी हवा होता, म्हणून किनाऱ्यावरच्या एका पोस्टात कायमचा चित्रशिक्का मारून घेतला. १२ पाकिटे नेली, पाच चांगली आली.

शिक्का खणात पडून होता. खाचांत वाळलेली शाई, तिच्यात कागदाचा भुसा. पहिल्या ठशात चित्राच्या जागी काळा चट्टा. खिडकीवरच्या मॅडमनी तो आमच्यासमोरच साफ केला: आधी कोरड्या टूथब्रशने खाचेच्या दिशेने, मग ओलसर फडक्याने, मग रद्दी कागदावर सात-आठ ठसे. पेट्रोल किंवा थिनर त्यांनी लावू दिले नाही. “रबर फुगतं त्यानं, आणि मग तारीखच बसत नाही,” म्हणाल्या. पटण्यासारखे आहे.

चार पाकिटांवर आदल्या दिवसाची तारीख पडली, ती आमच्याही लक्षात पाचव्याला आली. उरलेल्या तीनपैकी दोन मधोमध फिकी, एक सरकलेले. मधोमध फिके येते ते खालच्या टेबलामुळे: सनमायका कडक असतो, शिक्क्याचा पृष्ठभाग अगदी सपाट नसतो.

पोस्टात जाताना आता हे बरोबर असते: ३ मिमी जाडीचा माऊसपॅड, रद्दीचे कोरे कागद, स्वतःचे नवे काळे पॅड (वापरायचे की नाही ते विचारून), टिपकागद. जायचे दुपारी, खिडकीवरची पैशांची गर्दी ओसरल्यावर. एका वेळी १० पेक्षा जास्त पाकिटे पुढे करायची नाहीत. पहिला ठसा नेहमी रद्दीवर, आणि त्यावरची तारीख मोठ्याने वाचायची.

१५ नोव्हेंबर

तिसऱ्या खेपेचे तीन शिक्के, ७८० रुपये. तिन्ही पास. कासवाच्या पायांतल्या फटी २५ ठशांनंतरही मोकळ्या.

पाकिटांनी मात्र घात केला. १०० पाकिटे ७ रुपयांनी आधीच घेऊन ठेवली होती, झाकणाला वाळका गोंद असलेली. पावसाळ्याच्या दमटपणात निम्मी आपोआप चिकटली होती. वाफ देऊन उघडली तर कागद सुरकुतला. उरलेल्यांत वेगळीच अडचण: पाठीमागचे जोड तिरके, नेमके डाव्या खालच्या कोपऱ्यामागून जाणारे. तिथे कागदाची जाडी दुप्पट, त्यामुळे शिक्क्यात आडवी पांढरी खोच पडते. माऊसपॅडनेही ती जात नाही.

नवी ६० पाकिटे सांगून करवली, ८ रुपयांनी: १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचे माप) मॅपलिथो कागद, जोड उजव्या बाजूला, झाकणाला गोंद नाही. आत २०० जीएसएमचे बिनचकाकीचे कार्ड. कार्डासकट वजन ९ ग्रॅम. चकचकीत आर्ट पेपरचे कार्ड एकदा वापरून पाहिले, पॅडची शाई दोन दिवसांनीही बोटाला लागत होती. ती शाई कागदात मुरून वाळते, चकाकीचा थर तिला मुरू देत नाही.

१७ नोव्हेंबर

४८ पाकिटांवर खासगी शिक्के मारले, प्रत्येक किल्ल्याला १२. पॅडवर दोनदा हलके टेकवायचे, एकदा जोरात नाही. जोराने दाबले की शाई शिक्क्याच्या कडेवरून खाली उतरते आणि ठशाभोवती भूत उमटते. कागदावर टेकवल्यावर शिक्का डोलवायचा नाही, सरळ दाबून सरळ उचलायचा. दर सहा ठशांनी कोरड्या कागदावर एक मोकळा ठसा.

तिकिटे: १९९९ चे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ३ रुपयांचे, जोडीला २ रुपयांचे, म्हणजे साध्या पत्राचे ५ पुरे. आंग्र्यांचे तिकीट बाजारात १० रुपयांना पडले. त्याला २ रुपयांचे कुठले लावावे यावर उगाच काथ्याकूट झाला. रंगाने फिके आणि आकाराने लहान असले की पुरे. दोन्ही तिकिटे चिकटून लावायची, लहान डावीकडे, म्हणजे एका शिक्क्यात दोन्ही रद्द होतात आणि एक तृतीयांश ठसा पाकिटाच्या कागदावर उतरतो. ठसा पूर्ण तिकिटावर गेला तर गावाचे नाव वाचता येत नाही, आणि आपल्याला तर तेच हवे.

२५ नोव्हेंबर

पोस्टे ठरलेली: खांदेरीला अलिबाग, सुवर्णदुर्गाला हर्णै, विजयदुर्गाला विजयदुर्ग, सिंधुदुर्गाला मालवण. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, म्हणून मालवणची १२ आज प्रत्यक्ष नेऊन टाकली. बाकी तीन गठ्ठे पोस्टमास्तरांच्या नावे विनंतीपत्रासह पाठवले: आत १२ पाकिटे, परतीचे तिकीट लावलेले मोठे पाकीट, आणि नमुना म्हणून तिकिटांच्या जागी शिक्का कुठे यावा हे दाखवणारी एक झेरॉक्स. झेरॉक्सचा फायदा शब्दांपेक्षा जास्त.

९ डिसेंबर

सगळी परत. ४८ पैकी ४१ वाचता येण्याजोगी, ३३ प्रदर्शनात लावण्याजोगी. एका गठ्ठ्यातल्या चार पाकिटांवर वितरणाचा शिक्का समोरच, थेट खासगी शिक्क्यावर पडला. विनंतीपत्रात ‘वितरणाचा शिक्का मागे’ हे लिहायचे राहिले होते.

२१ डिसेंबर

प्रस्तावाची फाइल. अर्ज, प्रत्येक किल्ल्याचा १५० शब्दांचा मजकूर, आर्टवर्क दोन मापांत: १४० मिमी आणि प्रत्यक्ष ३५ मिमी. प्रत्यक्ष माप पडद्यावरून छापलेले जोडू नये, शिक्क्याचा खरा ठसाच चिकटवावा.

मजकुरात तीन दुरुस्त्या. पहिल्या मसुद्यात चारही किल्ले ‘शिवरायांनी बांधलेले’ होते. नव्याने बांधलेले सिंधुदुर्ग आणि खांदेरी. विजयदुर्ग मूळचा शिलाहार दुसऱ्या भोजाचा, सुवर्णदुर्गही आधीचा. हे दोन घेतले आणि बळकट केले. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ हे वाक्य काढून ग्रहणाचे निरीक्षण एवढेच ठेवले. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले हे आधी गाळले होते, ते परत घातले.

हिशेब: लेझर रबर ७२०, पॉलिमर १,०४० आणि ७८०, पॅड आणि शाई २४०, पाकिटे ७०० आणि ४८०, कार्डे १५०, तिकिटे ५७६, जाण्यायेण्याचे टपाल ४१२. एकूण ५,०९८. त्यातले २,२०० निव्वळ चुकांचे: रबर ७२०, पॉलिमरची दुसरी वेळ ७८०, वाया गेलेली पाकिटे ७००.

४ जानेवारी २०२६

फाइल दिली.

विजयदुर्गाचा शिक्का लाकडावरून वरच्या कडेला सुटू लागला आहे. दुहेरी टेप उन्हात ढिली झाली, आणि वरच्या चर्या त्यामुळे दुहेरी उमटतात. टेप खरवडून रबराच्या सोल्युशनने चिकटवला, रात्रभर पुस्तकाखाली ठेवला. पॉलिमर उजेडात कडक होऊन तडकते, म्हणून चारही शिक्के काळ्या कापडात गुंडाळून डब्यात, तोंड वर करून. तोंड खाली ठेवले तर कासवाचे पाय बसतात.